काळकाईच्या रानाची खालची पट्टी

अकरावीच्या पोरांनी तासाभरात ब्राझीलचं जंगल दोनदा तोडलं होतं आणि दोनदा वाचवलं होतं. भूगोलाच्या प्रकल्पाचा विषयच तसा होता : पर्जन्यवनांची तोड, दोन्ही बाजू. एका गटानं गुरांची कुरणं, सोयाबीन आणि गरिबांच्या पोटाचा प्रश्न मांडला, दुसऱ्यानं पृथ्वीची फुप्फुसं आणि माकडांच्या जाती. त्यांचा शिक्षक धम्मपाल शेवटच्या बाकामागे भिंतीला पाठ टेकून ऐकत होता. महाडचा उन्हाळा नुकता लागला होता आणि वर्गातला पंखा फिरण्याचं नुसतं नाटक करत होता. मग दिशा उठली. हुशार मुलगी, इंटरनेटवरचं उचलून वाचून दाखवणाऱ्यांतली नव्हे. आता आपल्या जवळचं उदाहरण बघू, असं म्हणून तिनं पडद्यावर एक फोटो लावला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला जांभुळकोंड नावाचं गाव आहे, त्या गावची काळकाईची देवराई. बाराही महिने हिरवी, पर्जन्यवनाशी नातं सांगणारी. कुणीतरी समोरच्या डोंगरावरून फोटो काढला होता. तपकिरी उतारावर मधोमध तो गर्द, जवळजवळ काळा ठिपका होता आणि त्या ठिपक्याच्या अगदी खाली, फोटोच्या कोपऱ्यात, निळ्या ताडपत्रीचा एक तुकडा. दिशा वाचत होती, "या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा आजवर कुणी उचललेली नाही. गावकऱ्यांच्या श्रद्धेमुळे हे शक्य झालं." पोरांनी माना डोलावल्या. निळा तुकडा कुणाच्या लक्षात आला नाही, येण्याचं कारणही नव्हतं. तो धम्मपालच्या आईच्या घराचा पडवीवरचा भाग होता.

 त्यानं दिशाला शाबासकी दिली, प्रतिपक्ष आणखी नीट मांड असं सांगितलं आणि घंटा झाल्यावर सगळ्यांत शेवटी वर्गाबाहेर पडला. स्टाफरूममध्ये त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि ती रिकामी झाली तरी तो ती धरूनच बसला. श्रद्धेमुळे शक्य झालं. काही चूक नव्हतं त्या वाक्यात. त्यानं स्वतः सीमेबाहेरून पाहिलं होतं, त्या रानातलं वाळकं लाकूड कुजून माती होतं, पण एरवी कुणी हात लावत नाही. आणि तरी त्याला वाटलं की त्या मुलीनं भर वर्गात त्याच्या तोंडावर काहीतरी फेकलं. त्याच दुपारी सुशांतचा मेसेज आला. सुशांत त्याचा चुलतभाऊ, बिरवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि कारखान्यात पाळीनं काम करायचा. त्याचे मेसेज नेहमी हिंदी-मराठीची खिचडी असत, हा मात्र सरळ होता. रविवारी दुपारी रानात बैठक आहे. गावानं आपल्या वाडीला पण बोलावलंय. आत बोलावलंय. आई तुझी येणार, तू ये. 'आत' हा शब्द धम्मपालनं परत परत वाचला.

बैठक कशाची ते त्याला ठाऊक होतं. होळीला गावचे मुंबईकर आले तेव्हापासून तोच विषय चालू होता. जांभुळकोंडापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण खाली बौद्धवाडीला जायचं तर रानाला मोठा वळसा घालून दगडांच्या पायवाटेनं उतरावं लागतं. रानातून जाता येत नाही. पूर्वी तर वाडीच्या माणसाची सावलीसुद्धा तिथं चालत नसे, आता तसं कुणी बोलत नाही, पण जातही नाही. नवा रस्ता रानाच्या खालच्या पट्टीतून काढायचा, तेवढी झाडं तोडायची, म्हणजे गाडी थेट वाडीत उतरेल आणि वरच्या अंगाला देवीचं नवं देऊळही उभं राहील, अशी योजना होती. त्यांच्या मुंबई मंडळानं आमदाराकडून रस्ता जवळजवळ मंजूरच करून आणला होता. राहिला होता फक्त गावाचा होकार, आणि या खेपेला गाव म्हणजे वाडीसकट गाव, असं मंडळाचा अध्यक्ष राजेंद्र मुद्दाम सांगत फिरत होता. आणि खालची पट्टी म्हणजे नेमकी ती, जी धम्मपालच्या आईच्या घराच्या डोक्यावर आहे. खडा चढ आहे तिथं. झाडांची मुळं दगडांना विळखे घालून उघडी पडली आहेत. काही वर्षांपूर्वी एका जुलैत तालुक्यात ठिकठिकाणी डोंगर खाली आले, माणसं गाडली गेली, तेव्हा वाडीच्या दोन्ही अंगांना माती सरकली होती. मध्ये, रानाच्या खाली, सरकली नव्हती.

महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या एसटीत रविवारी त्याला खिडकीची जागा मिळाली. उज्वलानं, त्याच्या बायकोनं, निघताना विचारलं होतं की तिकडं जाऊन तू काय सांगणार. तो म्हणाला, आधी सगळ्यांचं ऐकून घेतो. ती हसली होती. ऐकून घेणं हा त्याचा स्वभावच होता, संसारात तिला त्याचा वैताग यायचा. पडदे कोणते घ्यायचे यावरही हा माणूस दोन्ही बाजू मांडायचा आणि शेवटी तिलाच दुकानात जावं लागायचं. पण आता खिडकीतून लागोपाठ मागं पडणारे ट्रक आणि दूरवर कशेडीच्या घाटाची निळसर रांग बघताना त्याला स्वतःचीच भीती वाटत होती. गेले काही दिवस प्रकल्पाच्या निमित्तानं त्यानं भरपूर वाचलं होतं, पोरांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. मुळं वरची माती धरून ठेवतात, पाणी पितात, झाडं गेली की काही वर्षांत मुळं कुजतात आणि चढ सैल होतो. हे एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं, मोठ्या दरडी मुळांच्या कितीतरी खालून सुटतात, तिथं झाडाचा काही इलाज चालत नाही. दाट जंगलाचे डोंगरही सुटलेले आहेत, आणि अशा खड्या चढावर मोठ्या झाडाचं वजनच कधी कधी घात करतं. दोन्हीकडे शहाणी माणसं होती. दोन्हीकडे पुरावा होता. त्यानं वर्गात फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून दोन्ही बाजू लिहिल्या होत्या, पोरांना म्हणाला होता की दोन्ही समजून घेणं म्हणजेच शिक्षण. आता वाटत होतं की ती उभी रेघ आपल्याला लपायला फार सोयीची होती. डोंगराच्या पायथ्याशी पोकलेन लावणं वाईट, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य होतं. वाईट म्हणजे किती वाईट, हे कुणी सांगत नव्हतं.

आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तो बघायचं टाळत होता. त्याला ते रान तुटायला हवं होतं. लहानपणापासून हवं होतं. त्याचा आजा श्रीपत भर पावसाळ्यात वारला, तेव्हा धम्मपाल शाळेत जाऊ लागलेला होता. आठवडाभर झड लागलेली, वाडीत कोरडं लाकूड कुणाकडे नाही. रानाच्या दाट छताखाली मात्र वाळक्या फांद्या पडलेल्या, वरचं साल ओलं असलं तरी आत कोरड्या. बाप गावात गेला. गावानं सांगितलं, लाकूड देवीचं आहे, तिला विचारल्याशिवाय देता येत नाही. मग कौल लावला. गुरवानं ओल्या पाकळ्या दगडाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाप सीमेच्या दगडांबाहेर पावसात उभा होता आणि डावी पडली. आजाची चिता रॉकेल ओतून पेटवली. ती जळली नाही, धुमसली. तो धूर वाडीत संध्याकाळपर्यंत रेंगाळत होता, गोधडीला, भाकरीला त्याचा वास येत होता, आणि आईनं पोरांना दार लावून आत बसवलं होतं, बाहेर बघू नका म्हणून. पुढच्याच पावसाळ्यात गावच्या हैबतीची म्हातारी आई गेली. पुन्हा कौल लागला आणि उजवी पडली. बापानं हे कधी रागानं सांगितलं नाही. नुसतं सांगायचा, एखादं पीक कसं आलं ते सांगावं तसं. रागाचं काम त्यानं पोरावर सोपवलं असावं. कॉलेजात असताना धम्मपालनं मित्रांना देवराईचं कौतुक करताना ऐकलं की त्याच्या नाकात तो धूर यायचा. पर्यावरणाची व्याख्यानं तो स्वतः द्यायला लागला, त्यावर टाळ्या घ्यायला लागला, तरी तो यायचाच.

आई पायवाटेच्या तोंडाशी येऊन उभी होती. काशीबाईचं वय झालं होतं, पण उतारावर अजून धम्मपालच तिच्या मागे पडायचा. सुशांत आधीच आलेला होता, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं चालता चालताच विषय काढला. बोलताना तो धम्मपालकडे बघत नव्हता. गेल्या साली त्याच्या बायकोच्या, दर्शनाच्या पोटात दुखायला लागलं, बाहेर धो धो पाऊस. डोलीत घालून तिला रानाचा वळसा घेऊन वर नेली, पायवाट वाहून गेलेली, डोली दोनदा दगडावर टेकावी लागली. पोर दवाखान्यात पोचेस्तोवर गेलं. धम्मपालला हे माहीत होतं, तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलाही होता. पण त्याच वाटेवर, नेमक्या त्या दगडाजवळ ते ऐकणं वेगळं होतं. आता दर्शना पुन्हा गरोदर होती. आषाढात दिवस भरणार होते.

"दादा, वाडी तुझ्या तोंडाकडं बघून बसलेय," सुशांत म्हणाला. "तू हो म्हन्लास की सगली हो म्हन्तील. पुस्तकं वाचलीस म्हनून आमाला दरडीचं सांगू नको. दरड येल तवा येल. दर्शनाचा दिस तर येनारच हाय."

 सुशांतच्या म्हणण्यात धम्मपालला एकही भोक सापडेना. वर्गातल्या कुठल्याही गटानं तोडीची बाजू इतकी चांगली मांडली नव्हती.

रानाच्या सीमेचे दगड शेंदरानं माखलेले होते. त्यांच्यापाशी वाडीची माणसं थबकली. कुणी कुणाला थांबायला सांगितलं नव्हतं, पाय आपोआप थांबले. आतून राजेंद्र हात करत पुढं आला. मुंबईत त्याचा गाड्यांचा व्यवसाय होता, मनानं वाईट नव्हता, फक्त आपण काहीतरी मोठं घडवतोय याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. या ना, टेन्शन काय घेताय, आता असलं कोण मानतं, असं म्हणत त्यानं काशीबाईचा हात धरायला आपला हात पुढं केला. तिनं तो न धरताच पाऊल टाकलं. धम्मपालनं चप्पल काढली आणि आत शिरला. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत एकाएकी अंगावर गार ओलावा आला. उन्हाळ्यातही पायाखालचा पाचोळा मऊ, ओलसर लागत होता. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड होऊन वर गेले होते. कुठूनतरी सुरंगीचा वास येत होता. त्याला ते आवडलं. इतकं आवडलं की त्याला शरम वाटली. चाळीस वर्षं हा गारवा आपल्या घराच्या डोक्यावर होता आणि आपल्याला ठाऊक नव्हता. आजा या सावलीचा वाराही न लागता गेला. एका बाजूला कुजत पडलेला एक मोठा ओंडका होता, त्यावर शेवाळ चढलं होतं. धम्मपालची नजर त्यावरून हलेना.

बैठक रीतसर सुरू झाली. हैबती गावकीचा प्रमुख, आता पार वाकलेला, देवीच्या दगडाजवळ घोंगडीवर बसला होता. राजेंद्रनं योजना सांगितली. रस्ता कुठून, देऊळ कसं, संरक्षक भिंत किती मजबूत, इंजिनिअर काय म्हणाला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी देवीची झाडं तोडणं बरं नव्हे म्हणून कुरकुर केली आणि त्यांच्याच मुलांनी त्यांना गप्प बसवलं. वाडीची माणसं एका अंगाला दाटीनं बसली होती, आत येऊनही थोडी बाहेरच असल्यासारखी. मग हैबतीनं खाकरून बोलायला सुरुवात केली. जुन्या गोष्टी झाल्या, म्हणाला. आमच्या बापजाद्यांनी चुका केल्या. आता गाव एक आहे. आणि म्हणून गावानं असं ठरवलंय की या खेपेला कौल वाडीनं लावायचा.  हैबतीनं गुरवाला, धोंडूला, खूण केली. धोंडू तांब्याच्या ताटलीत पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या घेऊन उठला आणि वाडीतल्या सगळ्यांत वडील माणसापुढं, काशीबाईपुढं, येऊन वाकला.

"काशीबाय, मान तुझा हाय. तू इचार देवीला," हैबती म्हणाला.

सगळ्या हयातीत तो तिला काशे म्हणून हाक मारत आला होता. आज बाई लावलं होतं, आणि म्हाताऱ्याचे डोळे खरोखर भरून आले होते. धम्मपालला राग आला. या माणसांना कळतच नव्हतं. ज्यांनी दीक्षा घेऊन, बावीस प्रतिज्ञा म्हणून देव सोडले, त्यांच्या हातात मोठ्या मनानं देव आणून ठेवत होते आणि वर गहिवरत होते. यांना देण्यासारखं हेच एक होतं, म्हणून हेच दिलं. आणि त्याच वेळी त्याला दुसरंही दिसत होतं. कौल वाडीनं लावला, झाडं पडली आणि उद्या काही झालं, तर ते वाडीनं मागून घेतलेलं असेल. हैबतीच्या मनात हे होतं का? बहुधा नसावं. राजेंद्रच्या? त्याच्या मनात रस्ता होता. पण मनात असो नसो, झालं असतं तसंच. धम्मपालला उठून ताटली उडवून द्यावीशी वाटली आणि हैबतीच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं. दोन्ही एकदम, सारख्याच जोरानं.

काशीबाईनं हात पदराखाली घेतले. "आमी देवाला इचारत नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ते सोडलं आमी. तुमी मान दिलात, तो पावला. पन मला इचारायचंच तर मी माझ्या लेकाला इचारीन. त्यो शिकलाय." आणि मान वळवून तिनं त्याच्याकडं पाहिलं. "धम्मा, सांग रे. तोडायची का नको?"

धोंडू ताटली घेऊन तसाच वाकून उभा होता. ताटलीतून पाणी पाचोळ्यावर ठिबकत होतं. सगळ्या माना धम्मपालकडे वळल्या आणि त्याच्या डोक्यात ती उभी रेघ आली, फळ्यावरची. तो उठून उभा राहिला. त्याला म्हणायचं होतं की प्रश्न गुंतागुंतीचा आहे.  त्यानं सुशांतकडे बघितलं, मग त्या शेवाळलेल्या ओंडक्याकडे. तोडा, असं त्याच्या आतून कुणीतरी म्हणत होतं, आणि तो आवाज दर्शनासाठी बोलत नव्हता, आजासाठी बोलत होता. मुळासकट तोडा, एक पान ठेवू नका. ते ऐकल्यावर त्याला कळलं की याच आवाजाचं आपण ऐकणार नाही.

"रस्ता हवा," तो म्हणाला. "पण शेतातून न्या. वरच्या पाणंदीच्या कडेनं. उतार कमी आहे, डोंगराला हात लागत नाही."

राजेंद्रनं खाली बघितलं. गावकऱ्यांपैकी कुणी तंबाखू मळायला लागला, कुणी पायाच्या बोटानं पाचोळा उकरायला. त्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंना जांभुळकोंडाची भातखाचरं होती, आणि त्यातली सगळ्यांत मोठी हैबतीची. देवीची जमीन द्यायला हात सैल होते, आपली द्यायला मुठी आवळल्या जात होत्या. शेवटी हैबतीच बोलला.

"ते जमनारं नाय, मास्तर. तुला ठाऊक हाय. हितून न्यायचा तर बोल."

"मग नको," धम्मपाल म्हणाला. "ही झाडं वाडीवरचा डोंगर धरून आहेत. खालची पट्टी तोडू नका."

बोलून झालं. धरून आहेत. किती ठाम वाक्य होतं ते. कदाचित, बऱ्याच अंशी, काही अभ्यासकांच्या मते, यातलं काहीच त्यात नव्हतं. त्यानं असं वाक्य जन्मात उच्चारलं नव्हतं. धोंडूनं हळूच ताटली खाली ठेवली. हैबतीचा चेहरा पडला, आणि तो पडलेला बघून धम्मपालला आतमध्ये कुठंतरी गोड वाटलं. इथंच बापाला नाही म्हटलं होतं, इथंच आज आपण नाही म्हणालो. त्या गोडीनं तो घाबरला. आपण झाडांसाठी बोललो की यासाठी? एका आवाजापासून पळून आपण दुसऱ्याच्याच दारात आलो नाही ना? तपासून बघायला वेळ नव्हता. सुशांत उठला होता.  शर्टाला चिकटलेला पाचोळा झाडला आणि सगळ्यांच्या मधून चालत, चप्पल न घालता तशीच हातात घेऊन, सीमेचे दगड ओलांडून उतरून गेला. मागोमाग वाडीतली पोरं उठली, मग बायका. बैठक मोडली असं कुणी म्हणायची गरज उरली नाही. राजेंद्र धम्मपालजवळ येऊन फक्त एवढंच म्हणाला की सर, आम्ही पहिल्यांदा विचारलं होतं हो. तो खरंच दुखावला होता.

खाली उतरताना आई पुढे होती. वळशाची वाट संपेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. धम्मपालला वाटत होतं तिनं काहीतरी म्हणावं, शाबास नको पण निदान बरं केलंस, किंवा वाटोळं केलंस. वाडीच्या पहिल्या घराशी ती थांबली आणि हातानं सुशांतचं दार दाखवलं. तिला तू सांग, म्हणाली, वाडीतून फिरत फिरत तिच्या कानावर जायला नको.

दर्शना ओट्यावर खांबाला टेकून बसली होती, पाय लांब करून. पोट आता दिसू लागलं होतं. सुशांत आत पाठमोरा उभा होता, हंड्यातलं पाणी पीत. धम्मपाल अंगणात उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, रस्ता होणार नाही, मी नको म्हणालो. कारणं सांगायला लागला तेव्हा तिनं मान हलवली, कारणं नकोत अशा अर्थानं. इतक्या दिवसांत इतकं वाचलं, इतक्यांना विचारलं, पण हिला एकदाही विचारलं नाही, हे त्याच्या ध्यानात येत होतं आणि ते ध्यानात येण्याची ही वेळ नव्हती.

"मंग मला तुमच्याकडं न्या, दादा," दर्शना म्हणाली. "पाऊस लागायच्या आधी. मी आता डोलीत बसनार नाय."

ती विनवत नव्हती. जे उरलं होतं ते सांगत होती. धम्मपालच्या डोळ्यापुढं महाडचं घर आलं, दोन खोल्या, उज्वला, आणि त्याच जुलैत पुरानं तळमजल्यावर आणून टाकलेला चिखल, जो दोघांनी फावड्यानं उपसला होता. तिथं पाणी, इथं माती. त्यानं हो म्हटलं. उज्वलाला न विचारता, दुसरी बाजू न बघता हो म्हटलं. आत सुशांतनं हंड्यावर झाकण ठेवलं. तो दारात आला नाही, पण थोड्या वेळानं आतूनच म्हणाला की तिची पाठ दुखते, तिला खाली झोपता येत नाही. एवढ्यावर धम्मपालच्या छातीवरचा भार जरा हलला. एकाची तरी सोय लागली. मग त्याला त्याहून सोपी गोष्ट सुचली, जी तो त्या जुलैपासून प्रत्येक खेपेला आईला सांगत आला होता आणि ती टाळत आली होती. आता तर निमित्तही होतं. बाळंतिणीजवळ मोठं माणूस हवं.

आई घराच्या पडवीत चुलीत जळण सारत होती. तिच्या डोक्यावर निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या वर, मान मागं टाकली तरी संपणार नाही असा तो काळा हिरवा चढ. तिथून झाडं उभी वाटत नव्हती, घरावर वाकलेली वाटत होती. एका मोठ्या हिरड्याची मुळं उघडी पडून खडकावरून खाली उतरली होती, आणि मुळं आणि खडक यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. ती आधीपासून होती का? त्याला आठवेना. त्यानं आईला सांगितलं, दर्शना येतेय, तूही चल, चार महिने तरी, पाऊस संपेपर्यंत. तो घाईघाईनं बोलत होता, आवाज चढत होता, हे त्यालाच ऐकू येत होतं.

काशीबाईनं फुंकणी खाली ठेवली. दर साली ती या बोलण्यावर गप्प व्हायची, कधी कुरकुरायची, आणि त्या जुलैनंतर पाऊस वाढला की रात्रभर उंबऱ्यात बसून काढायची, हे शेजारणीनं त्याला सांगितलं होतं. आज तिचा चेहरा सैल झाला होता. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावर आठी नव्हती.

"आता कशाला येऊ रे?" ती म्हणाली. "एवढ्या मान्सांत तू सांगितलंस ना, झाडा डोंगर धरून हायत म्हनून. मला लई भ्या वाटायचं, धम्मा. आता नाय वाटत."

तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि तो साखर किती घेतो ते, दर वेळेसारखंच, पुन्हा विचारलं. धम्मपालनं तोंड उघडलं. आई, मला नक्की माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, इतकी निर्धास्त, आणि तो वरच्या त्या फटीकडे बघत उभा राहिला.